रिपोर्ट नॉर्मल, तरी थकवा जात नाही: सीएफएस (क्रॉनिक फटीग सिंड्रोम, विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याचा आजार) असेल का? चालणं चालू ठेवायचं की बंद?

घाटावरचा:
बायको, वय ३६. डेंग्यू होऊन आठ महिने झाले. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईड), साखर नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका, रोज अर्धा तास चाला. चालली की त्या दिवशी बरी असते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. दहा तास झोपूनही सकाळी अंग मोडलेलं. ओट्यापाशी पंधरा मिनिटं उभी राहिली की धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. पुढे काय करावं?

मात्रा_वळसा:
आधी ते चालणं थांबवा. श्रमानंतर १२ ते ४८ तासांनी येणारी घसरण हीच या आजाराची मुख्य खूण. ब्रिटनच्या नाइस संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याची शिफारस काढून टाकली, ती याचमुळे. आपल्याकडे अजून सर्रास 'चाला, योगा करा' सांगतात. डिप्रेशनमध्ये चालल्याने बरं वाटू शकतं, इथे माणूस आडवा होतो.

पण लेबल लावायची घाई नको. फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, व्हिटॅमिन डी, सीआरपी (अंगातला दाह), क्रिएटिनिन (किडनी), लिव्हर, कॅल्शियम, सीके (स्नायू), सीलिॲकसाठी (गव्हातल्या ग्लूटेनचा त्रास) टीटीजी आणि सकाळचं कॉर्टिसॉल (हार्मोन) बघून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला असतं, हे नेहमीचं. बी१२च्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर आकडा फसवा येतो. घोरणं असेल तर स्लीप स्टडी. बारीक ताप किंवा वजन घटत असेल तर टीबी आधी.

नाडी७२:
उभं राहिल्यावरची धडधड वेगळी मोजा, घरीच होतं. बीपीचं मशीन लागेल. दहा मिनिटं गप्प आडवं पडायचं, नाडी आणि बीपी लिहायचं. मग टाचा भिंतीपासून साधारण १५ सेंमी पुढे ठेवून फक्त खांदे भिंतीला टेकवून उभं राहायचं. दर मिनिटाला आकडे, एकूण दहा मिनिटं. बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. पाय हलवले की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि टेस्ट वाया जाते. शेजारी कुणीतरी उभं हवंच. घेरी आली की लगेच झोपवा.

नाडी ३० किंवा जास्त वाढून तशीच राहिली, बीपी मात्र पडलं नाही, तर पॉट्सचा (उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याचा आजार) संशय. वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने पडलं तर प्रश्न वेगळा, उभं राहिल्यावर बीपी पडण्याचा. तो कागद घेऊन एमडी मेडिसिनकडे जा, गरज पडल्यास ते कार्डिओलॉजिस्टकडे पाठवतील. पॉट्सवर औषधं आहेत, म्हणून ही तपासणी सोडू नका. मीठ-पाणी वाढवण्याचा सल्ला नेटवर दिसेल, पण बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच, ग्लासभर पाण्यात नाही.

ओट्याजवळचं_स्टूल:
घरातलं सांगते. पोळ्या लाटणं, भाजी चिरणं, सगळं बसून. अंघोळही प्लास्टिकच्या स्टुलावर, पाणी कोमट. कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि घेरी येते. केस धुण्याच्या दिवशी दुसरं जड काम ठेवू नका.

उठण्याआधीची नाडी सात दिवस लिहून सरासरी काढा, त्यात १५ मिळवा. काम करताना नाडी त्याच्या वर गेली की बसायचं. पॉट्स असेल तर नुसतं उभं राहूनही हा आकडा ओलांडतो, म्हणून आधी वरची टेस्ट. फोनवर तासभर बोलणं, पाहुणे, मुलांचा अभ्यास हेही श्रमच, पण ते नाडीत दिसत नाहीत, म्हणून वहीत लिहा.

घात होतो तो बऱ्या दिवशी. जरा हुशारी आली की आठवड्याचं धुणं आणि डबे घासणं एकदम काढलं जातं. बऱ्या दिवशीही रोजच्याएवढंच. हे सासूबाईंना तुम्ही समजवा, तिला समजवायला लावू नका.

घाटावरचा:
धन्यवाद. एका ग्रुपवर लो डोस नाल्ट्रेक्सोन (व्यसनमुक्तीचं औषध, अगदी कमी मात्रेत) सुचवलंय, घ्यावं का?

मात्रा_वळसा:
काहींना फरक पडतो, पण पुरावा तोकडा आहे आणि सीएफएससाठी आपल्याकडे मंजूर झालेलं औषध सध्या एकही नाही. दुकानात ५० मिग्रॅची गोळी मिळते. यात डोस साधारण ४.५ मिग्रॅपर्यंतच असतो, म्हणजे सुरीने तुकडे करून जमणार नाही. ट्रॅमाडॉल (दुखण्यावरचं औषध) चालू असेल तर घ्यायचंच नाही. डॉक्टरांना विचारा, पण पॉट्सचा निकाल लागल्यावर. दोन औषधं एकदम सुरू केली तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

आणि डॉक्टरांपुढे नुसतं 'थकवा' म्हणू नका. 'सोमवारी अर्धा तास चालली, बुधवारी सकाळपासून शुक्रवारपर्यंत झोपून' असं तारखांसकट एका पानावर लिहून न्या.