बँकॉकहून एका दिवसात अयुथया जमेल का? (आम्ही दोघंच, त्यात मी शाकाहारी)

हिरवा_चुडा
लग्नाचा धुरळा आत्ता कुठे खाली बसतोय. डिसेंबरात पट्टाया-बँकॉकचं पॅकेज आहे, सासऱ्यांनी हौसेने बुक करून दिलंय. शेवटचा दिवस मोकळा आहे. नवरा म्हणतो मॉल, मी म्हणते अयुथया. एजंटचं म्हणणं, "मॅडम, तिथे नुसत्या पडक्या विटा आहेत." वर गाडीचा जो आकडा सांगितला तो ऐकून नवरा भलताच खूश, बेत आपोआप बारगळतोय म्हणून. रेल्वेने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येईल का? काय बघावं, काय सोडावं? मी अंडंही खात नाही.

सुखुमवितकर
ताई, बिनधास्त जा. जेमतेम ८० किलोमीटर आहे. आमच्याकडे पुण्याहून कोणी आलं की मी त्यांना आधी तिथेच पिटाळतो.

पडक्या विटा आहेत हे खरं, पण त्या कशा पडल्या ते वाचून जा. १३५०च्या सुमारास वसलेली ही सयामची (म्हणजे जुन्या थायलंडची) राजधानी चारशे वर्षं नांदली. डच, पोर्तुगीज, जपानी, सगळ्यांच्या वखारी नाहीतर वस्त्या होत्या. १७६७ मध्ये बर्मी फौजेने शहर जाळलं. म्हणजे आपल्याकडे थोरले माधवराव गादीवर होते तेव्हा.

सगळं बघायच्या भानगडीत पडू नका, चौथ्या देवळानंतर नवऱ्याला सगळे स्तूप सारखेच दिसायला लागतील. सकाळी वाट महाथात (वाट म्हणजे थाई देऊळ). झाडाच्या मुळांनी कवटाळलेलं बुद्धाचं मस्तक तिथलंच. फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं त्या मस्तकाच्या वर जाता कामा नये. रखवालदार तिथेच असतो, उभं राहिलात की हटकतो. शिर नसलेल्या मूर्तींमागे उभं राहून स्वतःचं तोंड लावायचा चावटपणाही नको. रस्त्यापलीकडे वाट राचाबुराणा. त्याच्या प्रांगातल्या (मधल्या उंच शिखरातल्या) तळघरातलं सोनं १९५७ मध्ये चोरांनी पळवलं, पुढे सरकारच्या हाती जे लागलं ते तिथल्याच चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे. अरुंद, खड्या जिन्याने खाली उतरता येतं. गुडघे शाबूत आहेत तोवर उतरून घ्या.

दुपारी वाट फ्रा सी सानफेतचे तीन स्तूप. आणि ऊन उतरलं की वाट चायवत्थनाराम, १६३० मधलं, नदीकाठी. एका गाजलेल्या थाई मालिकेनंतर तिथे जुन्या थाटाचे कपडे भाड्याने घेऊन फोटो काढायची टूम निघाली आहे. तुमच्यासारख्या नव्या जोडप्यांची रीघ असते.

रुळवेडा
गाडी ठरवू नका. थर्ड क्लासचं तिकीट वीस बाटच्या आसपास, आयत्या वेळी खिडकीवर मिळतं. पंखा, उघड्या खिडक्या, डब्यात फिरणारे फेरीवाले. दीड-दोन तास लागतात. फक्त स्टेशन नीट बघून घ्या: साध्या गाड्या हुआ लाम्फोंगहून सुटतात, लांब पल्ल्याच्या आता क्रुंग थेप अफिवातहून. अयुथया स्टेशन नदीच्या अलीकडे आहे, मधली देवळं पलीकडे. समोर नाकासमोर चालत गेलं की होडी, थोडक्या पैशांत पलीकडे.

खादाड_मावशी
अगं, खरी पंचाईत जेवणाची. नुसतं "नो मीट" म्हणशील तर भाजीत माशाचा सॉस येणारच, त्यांच्या लेखी ते मीट नाही. "जे" म्हणायचं, म्हणजे थाईत कडक शाकाहारी. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तोच शब्द दिसला की तिथे मांस-मासे-अंडं काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. तरी पहिल्या दिवशी खाकरा-चटणी पिशवीत ठेवच. रोती साय माय मात्र सोडू नकोस: साखरेचे रंगीत धागे, थेट म्हातारीचे केस, पातळ हिरवट पोळीत गुंडाळून. मुसलमान कुटुंबांनी रुजवलेला हा तिथला प्रकार आहे. पोळ्या आणि धागे वेगळे बांधून देतात, गाडीत बसून गुंडाळत बसायचं.

हिरवा_चुडा
सगळ्यांचे आभार! सायकल घ्यावी की टुकटुक? आणि हत्तीवर बसायचं नवऱ्याने आत्ताच काढलंय.

सुखुमवितकर
हत्ती नको. भर उन्हात डांबरी रस्त्यावर चालवतात, बघवत नाही. मधली देवळं सायकलवर होतील, डिसेंबरात ऊन सोसवतं. चायवत्थनाराम शहराच्या दुसऱ्या बाजूला, पुन्हा नदीपलीकडे आहे, तिथे टुकटुक करा आणि जाण्या-येण्याचे पैसे बसायच्या आधीच ठरवा. संध्याकाळी तिथून रिकामी गाडी मिळेलच असं नाही. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. आणि जावईबापूंना सांगा, बँकॉकचे मॉल रात्री दहापर्यंत उघडे असतात.