मदत हवी आहे : प्री दामेरिकच्या घोड्यांचा अंदाज बांधताना पात्रता शर्यतींचे निकाल कितपत धरावेत?

सर्व सभासदांना नमस्कार.

पॅरिसच्या व्हँसेन मैदानावर दर वर्षी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी प्री दामेरिक ही दुडक्या चालीच्या घोड्यांची गाडीशर्यत होते. तीत उतरणाऱ्या घोड्यांची तुलना आधी कशी करावी, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. पैसे लावण्याशी या प्रश्नाचा काहीही संबंध नाही, तेव्हा त्या अंगाने प्रतिसाद देऊ नयेत, ही विनंती. आम्ही चिकोडी तालुक्यातील शर्यतीचे काही शौकीन शर्यतीपूर्वी पहिल्या पाच घोड्यांचा क्रम कारणांसह लिहून ठेवतो आणि निकालानंतर तो सर्वांसमोर वाचतो, एवढाच हा प्रकार आहे. ज्याची कारणे चुकतात त्याची थट्टा होते. क्रम चुकला तर कोणी काही बोलत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण माझी अडचण त्यातूनच निघाली आहे. आमच्या घरी नालबंदीचा धंदा आहे. बैलांना पत्री मारणे आणि घोड्यांना नाल ठोकणे या दोन्ही कामांसाठी सदलगा, एकसंबा, निपाणी या भागांतून जनावरे येतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडी शर्यती थांबल्या, तेव्हा हाताला काम कमी आणि वेळ भरपूर, अशी स्थिती झाली आणि मोबाईलवर परदेशातील घोडागाडी शर्यती पाहण्याची सवय लागली. पुढे कायदे बदलले, २०२३ च्या मे महिन्यात न्यायालयाने ते ग्राह्य धरले आणि आमचे काम पुन्हा सुरू झाले. सवय मात्र राहिली.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे घोडागाडी असो, घोडा-बैलाची जोडी असो वा निव्वळ बैलगाडी, जनावर चौखूर उधळले की माणसे टोप्या उडवतात. तिकडे नेमके त्याच क्षणी घोड्याचे काम बिघडते. दुडकी सोडून तो चौखूर पळू लागला, तर हाकणाऱ्याने त्याला तात्काळ आवरून पुन्हा चालीत आणायचे असते. तसे झाले नाही किंवा त्या धावण्याचा फायदा झाला, तर घोडा बाद होतो. म्हणजे प्रश्न केवळ वेगाचा नसून, चाल न मोडता किती वेग टिकतो याचा आहे. अंतर २७०० मीटर असते. विजेत्याचा वेग किलोमीटरला साधारण एक मिनिट अकरा सेकंद धरला, तर शर्यत तीन मिनिटे बारा सेकंदांच्या आसपास संपते. जास्तीत जास्त अठरा घोडे उतरतात, वयाची मर्यादा चार ते दहा वर्षे असते आणि खच्ची केलेल्या घोड्यांना प्रवेश नसतो.

मुख्य शर्यतीच्या आधी, नोव्हेंबरपासून, त्याच मैदानावर ब्रेतान्य, बुर्बोने, बुर्गोन्य आणि बेल्जिक या नावांच्या पात्रता शर्यती होतात. त्यांत वरचे क्रमांक मिळवणाऱ्यांना मुख्य शर्यतीत जागा मिळते आणि उरलेल्या जागा मुख्यतः घोड्याच्या एकूण कमाईवरून भरल्या जातात. सर्वसाधारण प्रेक्षक याच शर्यतींचे निकाल जुळवून अंदाज बांधतो. माझी शंका नेमकी इथे आहे. प्रत्येक घोड्यापुढे त्या दिवशीच्या नालांची नोंद छापलेली असते : चारही पाय नालांसह, पुढचे दोन बिननालांचे, मागचे दोन बिननालांचे किंवा चारही बिननालांचे. एकच घोडा डिसेंबरात चारही नाल ठोकून पळतो आणि जानेवारीच्या शेवटी चारही नाल काढून पळतो. मग या दोन घोड्यांना एकच समजून तुलना कशी करावी?

नाल काढल्याने घोडा हलका पळतो, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही. पायाच्या अगदी टोकाला बांधलेले वजन प्रत्येक पावलाला उचलून पुढे फेकावे लागते, त्यामुळे तेथील थोडे लोखंडही अंगावरच्या पुष्कळ वजनापेक्षा जास्त भारी पडते. परंतु त्याची किंमतही मी रोज हातात धरून पाहतो. मुरुमावर बिननालाचा पळवलेला घोडा आमच्याकडे येतो, तेव्हा खुराची कड फुटलेली असते आणि पकडीच्या तोंडात तळवा धरून हलकेच दाबला की तो मानेला झटका देऊन पाय काढून घेतो. असा घोडा पंधरवड्यानंतर पुन्हा तसाच पळवा, असे मी तरी कोणाला सांगणार नाही. व्हँसेनची धावपट्टी भट्टीच्या काळ्या राखेची आहे, मुरुमाची नव्हे, हे मान्य. तरी खूर म्हणजे खूरच.

तेव्हा प्रश्न असे. नालांसह पळून चौथा आलेला घोडा आणि बिननालांचा पळून दुसरा आलेला घोडा, यांत वरचा कोणता धरावा? निकालाच्या ओळीत एकदोन ठिकाणी ‘बाद’ अशी खूण असलेल्या घोड्याला सरळ वगळावे काय? आणि या सर्वांत हाकणाऱ्याला किती वजन द्यावे? आपल्याकडे गाडीवान बदलला की जोडीची पत बदलते, हे उघड आहे. तिकडेही तसेच आहे का, हे दूरच्या चित्रीकरणावरून मला नीट कळत नाही.

प्रतिसाद १ (टिळकवाडी, बेळगाव)

आपण नालांपासून सुरुवात केलीत, हे योग्यच झाले; पण नालांच्या आधी एक गोष्ट पाहावी लागते. त्या दिवशी त्या घोड्याला गरज काय होती? ज्या घोड्याची एकूण कमाई मोठी आहे किंवा ज्याने नोव्हेंबरातच जागा पक्की केली आहे, त्याच्या मालकाला डिसेंबरात काहीही सिद्ध करायचे नसते. तो घोडा चारही नालांसह येतो, मागे बसून पळतो, शेवटच्या सरळ पट्ट्यात त्याला फार जोर लावायला लावत नाहीत आणि तो पाचवा-सहावा येऊन घरी जातो. याउलट ज्याला जागा मिळवायचीच आहे, त्याचा मालक डिसेंबरातच नाल काढतो आणि घोड्याचे सगळे पाणी त्या दिवशी खर्च करतो. कागदावर हा दुसरा घोडा चांगला दिसतो. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की नालांसह चौथा आलेला घोडा वर धरावा. मात्र त्याला चौथे येणे परवडत होते का, हे आधी तपासावे. परवडत नसतानाही तो नालांसह पळाला असेल, तर बहुधा खुरांची काही अडचण आहे आणि जानेवारीतही नाल निघणार नाहीत. हे तर आपल्याला माझ्यापेक्षा अधिक कळेल.

‘बाद’ या खुणेबाबत : ती कुठे मिळाली, हे चित्रीकरणात पाहिल्याशिवाय काही ठरवू नये. प्री दामेरिकला घोडे आपल्या जागेवर छोटा फेर घेऊन, वळता वळता चालीत येऊन सुटतात. पुढे चालणाऱ्या मोटारीच्या फाटकामागून सुटत नाहीत. काही तापट घोडे या वळणातच चाल मोडतात. असा घोडा मोटारीमागून सुटणाऱ्या शर्यतीत, उदाहरणार्थ २१०० मीटरच्या बुर्गोन्यमध्ये, अगदी शहाण्यासारखा वागतो आणि प्री दामेरिकला पुन्हा तेच करतो. हा दोष स्वभावाचा आहे. त्याला मी पहिल्या तिघांत घेत नाही. शेवटच्या दोनशे मीटरांत चाल मोडणारा घोडा निराळा. तो दमलेला असतो किंवा त्याच्या कुवतीपलीकडे त्याला ढकललेले असते. पुढच्या वेळी तो अधिक तयारीने, नाल काढून आला, तर त्याच जागी तो चाल टिकवूही शकतो.

मैदानाचा आकारही लक्षात घ्यावा. मोठी फेरी १९७५ मीटरची आहे. म्हणजे घोडे सुटल्यावर ७२५ मीटरांनी एकदा विजयरेषेसमोरून जातात आणि मग पूर्ण फेरी मारतात. त्या फेरीत आधी उतार आहे आणि नंतर लांब चढ. उतारावर सगळेच देखणे दिसतात. चढावर, दुसऱ्याच्या गाडीचा आडोसा न मिळता बाहेरच्या बाजूने वारा अंगावर घेत जो घोडा आला आणि तरीही पहिल्या सहांत राहिला, त्याचे नाव मी वहीत आधी लिहितो, त्याचा क्रमांक काहीही असो.

हाकणारा महत्त्वाचा आहेच, परंतु एकट्याचे नाव पाहू नये, घोडा तयार करणारा कोण तेही पाहावे. २०२४ आणि २०२५ अशी दोन वर्षे जिंकलेला इदाओ द तियार घरच्याच माणसांचा होता : वडील तिएरी दुवाल्देस्तँ यांनी तयार केलेला आणि मुलगा क्लेमाँ याने हाकलेला. २०२३ ला हुकर बेरी जिंकला, तेव्हा तयारी आणि लगाम दोन्ही जाँ-मिशेल बाझीर यांच्याच हाती होते. जो माणूस रोज सकाळी त्या घोड्यामागे बसतो, त्याला डिसेंबरात किती राखून ठेवायचे हे माहीत असते. ऐन वेळी बसवलेला नामांकित हाकणारा तेवढे जाणत नाही.

प्रतिसाद २ (निपाणी)

अण्णा, नालांचे आणि चढाचे ठीक आहे, पण वयाकडे कोणीच पाहिले नाही. फ्रेंच दुडकी घोड्यांच्या नावाचे पहिले अक्षर जन्मवर्षाप्रमाणे ठरलेले असते, त्यामुळे यादी हातात आली की वय लगेच समजते. बोल्ड ईगल २०११ चा. तो २०१६ आणि २०१७ ला, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या वर्षी जिंकला. फेस टाइम बुर्बों २०१५ चा. २०२० आणि २०२१ ला, पुन्हा पाच आणि सहा. इदाओ २०१८ चा. सहा आणि सात. दात जुळल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे हाच जोमाचा काळ, हे आपल्या दावणीलाही लागू आहे. मी नऊ-दहा वर्षांच्या घोड्याला पाचांतही धरत नाही.

प्रतिसाद ३ (टिळकवाडी, बेळगाव)

एवढे ठाम राहू नये. दाविदसों द्यु पों २०१३ चा असून २०२२ ला, म्हणजे नवव्या वर्षी जिंकला. उराझी १९८० चा. १९८६, १९८७ आणि १९८८ असा लागोपाठ तीनदा जिंकला, १९८९ ला तिसरा आला, तेव्हा त्याचे दिवस संपले असे मानणारे पुष्कळ निघाले असतील, आणि १९९० ला दहाव्या वर्षी तो चौथ्यांदा जिंकला. वयाला वजन द्यावे, पण केवळ वयावरून नाव खोडू नये.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. परवडण्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच नव्हता. आता प्रत्येक घोड्यापुढे क्रमांकाच्या आधी ‘त्या दिवशी जागा पक्की होती की नव्हती’ हा रकाना घालतो आणि त्यालगत नालांचा. बिननालांच्या दोन शर्यतींमध्ये किती दिवस गेले, हेही लिहून ठेवणार आहे, कारण खुराची कड आणि तळवा सावरायला वेळ लागतो आणि तो वेळ न देता पुन्हा नाल काढलेल्या घोड्यावर माझा विश्वास बसणार नाही.

आणखी एक विचारतो. स्वीडन आणि इटलीहून येणाऱ्या घोड्यांचे काय करावे? इटलीचा वारेन्ने २००१ आणि २००२ ला जिंकला, स्वीडनचा रेडली एक्सप्रेस २०१८ ला, त्यामुळे त्यांना टाळता येत नाही. परंतु स्टॉकहोमचे सोलवल्ला मैदान हजार मीटरच्या फेरीचे आहे आणि तेथील एलितलोप ही मोठी शर्यत १६०९ मीटरची, मोटारीमागून सुटणारी असते. तेथील वेळांवरून व्हँसेनच्या चढाविषयी काही कळते का?

प्रतिसाद ४ (टिळकवाडी, बेळगाव)

वेळांवरून जवळजवळ काहीच कळत नाही. तो घोडा थंडीत व्हँसेनच्या मोठ्या फेरीवर एकदा तरी पळाला आहे का आणि फेर घेऊन सुटताना कसा वागला, एवढेच पाहावे. पळाला नसेल तर पहिला धरू नये. पण मागच्या सहा महिन्यांत लांब अंतरावर चाल न मोडता जिंकला असेल, तर चौथ्या-पाचव्या जागेसाठी त्याचे नाव ठेवावे. अंतिम यादी आणि नालांची नोंद आली की इथेच टाका, मीही माझे पाच लिहितो.