मदत हवी आहे: माघारीनंतर सरकार एकदा टिकलं, एकदा पडलं, का?

कालिना_लायब्ररी:
परवा सबमिशन आहे आणि मी पार अडकलेय. पहिल्या माघारीनंतर सरकार तीन वर्षं टिकलं आणि दुसऱ्या वेळी शेवटचं विमान उडायच्या आतच सगळं कोसळलं, असं का? कागदावर तीन लाखांची फौज होती ना? मॅडम म्हणाल्या नुसतं भ्रष्टाचार लिहून चालणार नाही. प्लीज लवकर सांगा.

ठाणे_स्लो:
कुठला देश? व्हिएतनाम, इराक, की आणखी कुठला? वर्ष तरी टाक.

माहीमचा_फौजी:
पोरी, श्रीलंकेचं विचारतेयस असं धरून सांगतो, मी त्रिंकोमालीला होतो. जुलै १९८७ला भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना तिथे गेली, २४ मार्च १९९०ला आपली शेवटची तुकडी निघाली. मागे आपल्या पाठिंब्यावरचं मुख्यमंत्री पेरुमलचं प्रांतिक सरकार आणि घाईघाईत उभी केलेली तमिळ नॅशनल आर्मी, त्यात जबरदस्तीने भरती केलेली पोरं. आम्ही पूर्ण निघायच्या आत तमिळ टायगर्सनी, म्हणजे एलटीटीईने, ती उधळली. आपले जवळपास बाराशे जवान गेले तिथे. ८ महारचे मेजर परमेश्वरन, परमवीर चक्र, ते मुंबईतच जन्मलेले, माटुंग्याच्या शाळेत शिकलेले, हे इथल्या पोरांना माहीत पाहिजे.

कालिना_लायब्ररी:
काका, अफगाणिस्तान! सॉरी, मला वाटलं कळेल. रशियन १९८९, अमेरिकन २०२१.

ठाणे_स्लो:
मग सोपं आहे, रसद. १५ फेब्रुवारी १९८९ला शेवटचा सोव्हिएत सेनापती जनरल ग्रोमोव पूल ओलांडून सीमेपलीकडे तेर्मेझला गेला, पण मॉस्कोहून शस्त्रं, इंधन, धान्य येतच राहिलं, स्कड क्षेपणास्त्रंसुद्धा. त्याच वर्षी सरकारविरोधी मुजाहिदीन जलालाबादवर चालून आले ते अध्यक्ष नजीबुल्लाच्या फौजेने परतवले. १९९१ संपताना सोव्हिएत संघच गेला, मदत बंद आणि एप्रिल १९९२ला नजीबची सत्ता गेली. लिही हेच.

दादर_टीटी:
अर्धंच सांगतोयस. पैसे तर अमेरिकाही देतच होती २०२१मध्ये. करार बघ ना. रशियन माघारीच्या १९८८च्या जिनिव्हा करारावर काबूल सरकारची सही होती, दोहाला २९ फेब्रुवारी २०२०ला अमेरिका-तालिबान करार झाला तेव्हा काबूलला टेबलावर बसवलंच नाही, वर पाच हजार तालिबानी कैदी सोडायला लावले. लांबच्या चौकीवरच्या शिपायाला यातून काय कळणार? आपल्यामागे कुणी नाही, तर कशाला मरायचं.

ठाणे_स्लो:
पैसे म्हणजे रसद नाही. मी सांताक्रूझला विमानांच्या मेंटेनन्समध्ये आहे, पार्ट आणि माणूस नसला की करोडोंचं विमान नुसतं उभं राहतं. अफगाण हवाई दलाची दुरुस्ती परदेशी कंत्राटदार करायचे, ते गेले. मग वेढ्यातल्या चौकीला गोळ्या पोचवणार कोण, जखमींना उचलणार कोण?

दादर_टीटी:
मान्य, पण कितीतरी जिल्हे लढाई न होता गेले, गावातले वडीलधारे मध्ये पडले आणि शिपाई हत्यार ठेवून घरी गेले. तिथे विमान काय करणार?

मस्जिद_बंदर:
त्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे अंजीर, जर्दाळू सगळंच महागलं होतं, माल अडकलेला. सुकामेव्याच्या व्यापारावर एक पान टाक, कुणी लिहीत नाही त्यावर.

अभ्यासू_विरार:
एमए झालं की लगेच नेटचा फॉर्म भर. नोट्स हव्या तर सांग.

कालिना_लायब्ररी:
नोट्स नकोत, थँक्यू. करारावर सही कुणाची आणि विमान कोण दुरुस्त करतं, असे दोन भाग करते, दोन्ही पटतंय मला. नाटोच्या लिस्बन परिषदेत २०१०मध्येच ठरलेलं ना २०१४ अखेर अफगाण फौजेने सगळं सांभाळायचं, मग २०२१पर्यंत हवाई दल दुसऱ्यांच्या हातात का राहिलं, तिथून सुरुवात करेन. काका, श्रीलंका तुलनेला घेतली तर चालेल का? त्या तमिळ नॅशनल आर्मीच्या पोरांना ट्रेनिंग किती मिळालेलं?

माहीमचा_फौजी:
घे ना, जरूर घे. ट्रेनिंग कसलं, मी बघितलेली काही पोरं मिसरूडही न फुटलेली. रायफल खोलून जोडायला शिकत होती तेवढ्यात आमचं जहाज लागलं. एक जण रोज विचारायचा, साहेब तुम्ही परत कधी येणार. तारखा डायरीत आहेत, माळ्यावरून काढून सकाळी टाकतो.