मदत हवी आहे: पुण्यात कोथरूड ते नळस्टॉप, मुलीला सायकलने शाळा

मुलगी १२ वर्षांची, सातवीत. घर मयूर कॉलनीत, शाळा नळस्टॉपच्या पुढे. व्हॅनमधून जाते, आल्यावर क्लास. दिवसाला ६० मिनिटं हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, हिची १५ सुद्धा होत नाही.

गेले तीन रविवार सकाळी दोघी सायकलने जाऊन आलो. कॉलनीतल्या गल्ल्या तिला छान जमतात. अडतं ते पौड फाट्याला. डावीकडून बस अंगावर आली की ती ब्रेक दाबून जागच्या जागी थांबते, हँडल घट्ट धरून. उतरून चालत ओलांडून पाहिलं, पण वळणाऱ्या दुचाकी थांबत नाहीत.

शाळा सातची, त्यामुळे थंडीत अंधार. हेल्मेट, दिवे आहेत. पहिला महिना मी सोबत जाईन, नंतर नोकरीमुळे शक्य नाही.

तुमची मुलं या बाजूने सायकलने जातात का? फाटा नेमका कुठून ओलांडतात?