लेकर्सने या उन्हाळ्यात कोणते फ्री एजंट घ्यावेत?

फोंडेकर_२३ | २४ जून २०२५

काल सकाळी ओक्लाहोमा सिटीने सातव्या सामन्यात इंडियानाला हरवले आणि एनबीएचा हंगाम संपला. १ जुलैच्या पहाटे साडेतीन वाजता, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये ३० जूनच्या संध्याकाळी सहाला, करार संपलेल्या खेळाडूंशी, म्हणजे फ्री एजंटांशी, बोलणी करायला सर्व संघ मोकळे होतील. त्याआधी येथील जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

मी कोबी ब्रायंटच्या काळापासून लॉस एंजेलिस लेकर्सचा पाठीराखा आहे. १ मेच्या सकाळी बाद फेरीतला मिनेसोटाविरुद्धचा पाचवा सामना पाहताना समोरचा चहा निवून गेला, तरी मला त्याचे भान नव्हते. मिनेसोटाने तीन गुणांचे ४७ फटके मारले आणि त्यांतले फक्त ७ आत गेले. एवढी वाईट नेमबाजी करूनही तो संघ १०३-९६ असा जिंकला, कारण रुडी गोबेर एकटा २७ गुण आणि २४ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) घेऊन गेला आणि रिंगखाली त्याला अडवील असा माणूसच आपल्याकडे नव्हता. त्याआधीच्या सामन्यात तर प्रशिक्षक जेजे रेडिक यांनी उत्तरार्धाची सगळी २४ मिनिटे त्याच पाच जणांना खेळवले होते. बाकावरच्या खेळाडूंविषयीचे त्यांचे मत त्यातच आले.

फेब्रुवारीत लुका डॉन्चिच मिळाला, पण त्याच्या बदल्यात अँथनी डेव्हिस डॅलसला गेला आणि मधली, म्हणजे रिंगखालच्या उंच खेळाडूची (सेंटरची), जागा रिकामी झाली. ती भरण्यासाठी शार्लटच्या मार्क विल्यम्सचा सौदा ठरला आणि वैद्यकीय तपासणीनंतर मोडला. उरला जॅक्सन हेज, ज्याला पाचव्या सामन्यात मैदानात उतरवलेही नाही.

माझ्या मनातली नावे अशी: माइल्स टर्नर, ब्रूक लोपेझ, क्लिंट कपेला, ल्यूक कॉर्नेट आणि बाहेरच्या बचावासाठी निकील अलेक्झांडर-वॉकर. यांपैकी कोणाच्या मागे लागावे? मार्क वॉल्टर संघाची मालकी घेत आहेत आणि त्या व्यवहारात संघाचे मूल्य १,००० कोटी डॉलरच्या आसपास धरले आहे. मग पैशांची अडचण तरी का यावी?

मडगावचा_जमाखर्च | २४ जून २०२५

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत. मालक कितीही श्रीमंत असला तरी खेळाडूंवर तो मनाला येईल तेवढा खर्च करू शकत नाही.

आपल्याला आयपीएलचा लिलाव ओळखीचा आहे. गेल्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत १२० कोटी रुपये होते. ते संपले की हात वर करता येत नव्हता. एनबीएची मर्यादा तशी कडक नाही. पुढच्या हंगामासाठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर असेल आणि बहुतेक संघ ती ओलांडतात, कारण स्वतःच्या जुन्या खेळाडूला पुन्हा करारबद्ध करताना मर्यादेच्या वर जाण्याची मुभा असते. लॅरी बर्डच्या नावावरून तिला ‘बर्ड राइट्स’ म्हणतात. बाहेरचा खेळाडू आणायचा झाला, तर मात्र मर्यादेवर असलेल्या संघाच्या हातात काही ठरावीक सवलतीच उरतात.

आता लेकर्सची वही उघडू. लेब्रॉन जेम्सने आपला पर्याय (ठरलेल्या पगारावर आणखी एक वर्ष राहण्याचा हक्क) वापरला तर त्याचे ५ कोटी २६ लाख, डॉन्चिचचे ४ कोटी ६० लाख, हाचिमुराचे १ कोटी ८३ लाख, रीव्ह्जचे १ कोटी ३९ लाख. पुढे व्हँडरबिल्ट, व्हिन्सेंट, क्लेबर, क्नेक्ट आणि धाकटा जेम्स, म्हणजे लेब्रॉनचा मुलगा ब्रॉनी. या नऊ जणांची बेरीज १७ कोटी १० लाखांच्या घरात जाते, म्हणजे मर्यादा केव्हाच मागे पडली. टर्नर आणि अलेक्झांडर-वॉकर ही नावे इथेच खोडावीत. ते याहून पुष्कळ जास्त पैसे मागतील आणि त्यांना मिळतीलही.

हातात राहते ती मिड-लेव्हल सवलत: पूर्ण घेतली तर १ कोटी ४१ लाख, आखूड घेतली तर ५७ लाख. पूर्ण घेतली की ‘पहिला एप्रन’ म्हणून जी १९ कोटी ५९ लाखांची रेषा आहे, ती हंगामभर कोणत्याही कारणाने ओलांडता येत नाही. आणि इथेच डोरियन फिनी-स्मिथचा प्रश्न येतो. त्याने १ कोटी ५४ लाखांचा आपला पर्याय स्वीकारला, तर बेरीज १८ कोटी ६० लाखांच्या पुढे जाते. संघात किमान चौदा माणसे लागतात. किमान वेतनावर आणखी चौघे घेतले की रेषा आलीच, म्हणजे पूर्ण सवलत वापरायला जागाच उरत नाही. तो गेला, तर पूर्ण सवलत आणि शिवाय द्वैवार्षिक सवलतीचे ५१ लाख वापरता येतात.

तेव्हा खरा प्रश्न ‘कोणता सेंटर?’ एवढाच नसून ‘फिनी-स्मिथ की १ कोटी ४१ लाख?’ असा आहे.

कोर्टवरचा_मास्तर | २५ जून २०२५

जमाखर्चरावांनी हिशेब चोख मांडला आहे. मी खेळाविषयी लिहितो. मी फोंडा तालुक्यातल्या एका विद्यालयात मुलांना बास्केटबॉल शिकवतो. सध्या आर्द्राच्या पावसाने कोर्टवर शेवाळ धरले असल्यामुळे लिहायला वेळही आहे.

डॉन्चिचला कोणता सेंटर लागतो हे शोधण्यासाठी फार लांब जायला नको. २०२४ मध्ये डॅलसला त्याने अंतिम फेरीत नेले, तेव्हा त्याच्यासोबत डॅनियल गॅफर्ड आणि डेरेक लाइव्हली हे दोन सेंटर आलटून पालटून खेळत होते. दोघांपैकी कोणीही स्वतः चेंडू घेऊन खेळ उभा करत नव्हता. स्क्रीन लावायची (चेंडू असलेल्या साथीदाराच्या रक्षकाची वाट अंगाने अडवायची), वळून रिंगकडे धावायचे आणि वर फेकलेला चेंडू हवेतच पकडून आत टाकायचा, एवढेच त्यांचे काम होते. सेंटर धावत निघाला की त्याला रोखायला कोपऱ्यातल्या खेळाडूचा रक्षक आत सरकतो, आणि डॉन्चिच त्या क्षणाचीच वाट पाहत असतो. चेंडू कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या नेमबाजाच्या हातात जातो. सेंटर धावलाच नाही तर रक्षक जागचा हलत नाही आणि डॉन्चिचला दोघांच्या अंगावरून अवघड फटका मारावा लागतो. मिनेसोटाविरुद्ध आपण तेच पाहिले.

मुलांना पिक अँड रोल शिकवताना मी कोर्टवर खडूने दोन पावले काढतो. स्क्रीन लावणाऱ्याने त्या पावलांवर पाय रोवून उभे राहायचे आणि आपला गार्ड खांद्याला घासून पुढे गेल्याशिवाय हलायचे नाही. दहांतली आठ मुले आधीच निसटतात, कारण हातात चेंडू नसताना अंगावर धक्का कोण घेणार? जो मुलगा पावलांवर उभा राहतो त्याचे नाव गुणफलकावर येत नाही, पण त्याच्यामुळे गार्डला एक पाऊल मोकळे मिळते.

या कसोटीवर लोपेझ मला पटत नाही. २०१७-१८ मध्ये तो लेकर्सकडूनच खेळला आणि २०२१ मध्ये मिलवॉकीबरोबर विजेता ठरला. पण आता तो ३७ वर्षांचा आहे आणि रिंगकडे धावण्याऐवजी तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहतो. कपेला ३१ वर्षांचा आहे. ह्यूस्टनमध्ये जेम्स हार्डनबरोबर त्याने हेच काम वर्षानुवर्षे केले. पूर्वीची उडी राहिली नसली, तरी पाय कुठे रोवायचे हे त्याला सांगावे लागत नाही. कॉर्नेट सात फुटांहून उंच आहे, चेंडू मागत नाही आणि बॉस्टनमध्ये तारांकित खेळाडूंच्या सावलीत राहायला शिकला आहे. माझी पहिली पसंती कॉर्नेट, दुसरी कपेला. आणि सगळी रक्कम एकावर घालू नये. अर्धी सेंटरला द्यावी, अर्धी पंचविशीच्या आतल्या एखाद्या उंच, धावऱ्या फॉरवर्डला.

म्हापसा_कॉर्नर | २५ जून २०२५

मास्तर, आपला मुद्दा मान्य आहे, पण चेंडू कोपऱ्यात जाणार असेल तर तिथे उभे कोण राहणार? फिनी-स्मिथ डॅलसमध्ये अनेक वर्षे डॉन्चिचबरोबर खेळला आहे आणि त्याचा पास कधी, कोणत्या उंचीवर येईल हे त्याला ठाऊक आहे. शिवाय समोरच्या संघाचा सर्वांत धोकादायक फॉरवर्ड तोच अंगावर घेतो. ब्रुकलिनकडून त्याला आणण्यासाठी डिसेंबरमध्ये ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) तीन दुसऱ्या फेरीच्या निवडी मोजल्या, आणि सहा महिन्यांत त्याला सोडून द्यायचे? पुरुमेंताला (पावसाळ्याच्या बेगमीला) सुकी मासळी भरण्यासाठी घरातले तांदूळ विकावेत, तसे हे होईल. सेंटर किमान वेतनावरही मिळतो. दोन्ही टोके सांभाळणारा फॉरवर्ड मिळत नाही.

मडगावचा_जमाखर्च | २५ जून २०२५

उपमा छान आहे, परंतु त्या तांदळांची किंमत पाहा. फिनी-स्मिथ ३२ वर्षांचा आहे आणि त्याला लांब मुदतीचा करार हवा असणार. डॉन्चिचशी नवा करार २ ऑगस्टपासून करता येईल, त्यामुळे पुढच्या एक-दोन वर्षांनंतरची जागा मोकळी ठेवण्याकडे व्यवस्थापनाचा कल राहील. वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत चालणारा करार ते करतील असे मला वाटत नाही.

फोंडेकर_२३ | २ जुलै २०२५

जमाखर्चराव बरोबर निघाले. फिनी-स्मिथने पर्याय नाकारला आणि चार वर्षांच्या, सुमारे ५ कोटी ३० लाखांच्या करारावर तो ह्यूस्टनला चालला. कपेलाही ह्यूस्टनला, लोपेझ लॉस एंजेलिसच्याच क्लिपर्सकडे, कॉर्नेट सॅन अँटोनियोला. टर्नरचे तर कोणाच्या ध्यानीमनी नव्हते: मिलवॉकीने डेमियन लिलार्डला करारमुक्त करून त्याचे उरलेले पैसे पाच वर्षांवर पसरवले आणि त्या जागेत टर्नरला बसवले. आपण घेतला तो जेक लाराव्हिया, दोन वर्षांसाठी १ कोटी २० लाखांना. पहाटे साडेतीनचा गजर लावून उठलो आणि आधी लाराव्हिया कोण हेच शोधावे लागले. माझी यादी रात्रीपर्यंत रिकामी झाली होती.

मडगावचा_जमाखर्च | ३ जुलै २०२५

यादीत नसलेले नाव आले आहे. पोर्टलंडने डीआंद्रे एटनला त्याच्या ३ कोटी ५६ लाखांच्या करारातून तडजोडीने मोकळे केले आणि तो लेकर्सकडे येत आहे. पहिल्या वर्षाचे सुमारे ८१ लाख, दुसरे वर्ष त्याच्या मर्जीवर. लाराव्हियाचे पहिल्या वर्षाचे ६० लाख मिळवा: १ कोटी ४१ लाख, म्हणजे सवलत पैपर्यंत वापरली. मास्तरांनी सांगितलेली अर्धी-अर्धी वाटणी जवळपास तशीच झाली. फक्त माणसे निराळी. द्वैवार्षिक ५१ लाख अजून शिल्लक आहेत.

म्हापसा_कॉर्नर | ३ जुलै २०२५

२०१८ च्या ड्राफ्टमध्ये एटन पहिला निवडला गेला आणि डॉन्चिच तिसरा. सात वर्षांनी पहिला तिसऱ्यासाठी स्क्रीन लावायला येत आहे. गेल्या हंगामात तो ४० सामनेच खेळला. जानेवारी २०२४ मध्ये तर पोर्टलंडमधल्या बर्फामुळे घराबाहेर पडता आले नाही म्हणून त्याचा एक सामना बुडाला होता. गोव्यात हे कारण चालले असते, तर जून ते सप्टेंबर कोणी कामावरच गेले नसते.

फोंडेकर_२३ | २१ जुलै २०२५

उरलेले ५१ लाखही मार्गी लागले. वॉशिंग्टनने मार्कस स्मार्टला मोकळे केले आणि तो लेकर्सकडे आला. २०२२ चा सर्वोत्तम बचावपटू या किमतीत मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे, मग दुखापतींनी त्याची मागची दोन वर्षे खाल्ली असली तरी. मास्तर, एटनविषयी आपण अजून काही लिहिले नाहीत.

कोर्टवरचा_मास्तर | २१ जुलै २०२५

मुद्दामच थांबलो होतो. एटनचे जुने सामने दोन-तीन रात्री बसून पुन्हा पाहिले. २०२१ मध्ये क्लिपर्सविरुद्ध शेवटच्या ०.९ सेकंदात त्याने रिंगवर आलेला चेंडू हवेतच आत लोटला होता. त्या क्षणी तो आपल्याला हवा तसाच सेंटर होता, आणि त्या वर्षी फिनिक्स अंतिम फेरीत पोहोचले. पोर्टलंडच्या चित्रफितींत मात्र तो पुष्कळदा स्क्रीन पुरती लागण्याआधीच निसटतो आणि रिंगपर्यंत न जाता दहा-बारा फुटांवर थांबून हलका फटका मारतो. त्या फटक्यांत तो तरबेज आहे, म्हणूनच सरासरी १४ गुण आणि १० रिबाउंड दिसतात. पण तो तिथे थांबला की कोपऱ्यातला रक्षक कोपऱ्यातच राहतो.

या पैशांत याहून गुणी माणूस मिळाला नसता, हे मी मान्य करतो. कॉर्नेटला सॅन अँटोनियोने दिले तेवढे आपणही देऊ शकलो असतो, पण मग लाराव्हिया नसता. हंगाम सुरू झाला की पहिले दहा सामने मी गुण मोजणार नाही. वही घेऊन बसेन आणि डॉन्चिच खांद्याला घासून जाईपर्यंत एटनचे पाय किती वेळा जागेवर राहिले, तेवढेच लिहीन. आकडे याच धाग्यावर टाकतो.