लिटल रिचर्डला कंपनीने बुडवलं की त्याचं त्यानेच?

पेटीवाला
फटके खायची तयारी ठेवून लिहितोय. रॉक अँड रोलचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, खरा मान लिटल रिचर्ड या काळ्या अमेरिकन गायकाचा, गोऱ्यांनी तो लुटला. अर्धं मान्य. पण ऑक्टोबर 1957 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर या गृहस्थांना आकाशात आगीचा गोळा दिसतो (तो स्पुटनिक होता म्हणे), त्यांना तो देवाचा इशारा वाटतो, हातातल्या अंगठ्या फेरीबोटीतून पाण्यात जातात आणि दौरा अर्धवट टाकून स्वारी धर्मशास्त्र शिकायला अलाबामातल्या ओकवूड कॉलेजात! वय 24. हे कुठल्या कंपनीने करायला लावलं? 1955 च्या अखेरीपासून जेमतेम दोन वर्षं, तेवढीच खरी कारकीर्द. पुढे जन्मभर त्याच गाण्यांचा रतीब.

बोरिवली_फास्ट
असहमत. आधी हिशेब बघा. त्याच्या पहिल्या गाजलेल्या गाण्याचे, ‘टुटी फ्रुटी’चे, प्रकाशन हक्क 50 डॉलरला गेले. रेकॉर्डमागे मिळायचा अर्धा सेंट, म्हणजे दोनशे रेकॉर्ड खपल्या की एक डॉलर. जॉर्जियातल्या मेकन गावच्या बस स्टँडवर भांडी घासणाऱ्या पोराला 50 डॉलर मोठेच वाटणार. आणि स्पेशॅल्टी या त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या करारातून सुटायला त्याला रॉयल्टीवरच पाणी सोडावं लागलं. तो ओकवूडला असताना, 1958 मध्ये, कंपनीने ‘गुड गॉली मिस मॉली’ बाजारात आणलं. रेकॉर्डिंग आधीचंच, कपाटात पडलेलं. गायक बायबल वाचतोय आणि गल्ला मालकाचा भरतोय!

पेटीवाला
रॉयल्टीचं रडगाणं खरंच आहे, पण कार्यक्रमांचे पैसे मिळत होते ना? लॉस एंजेलिसला आईसाठी घर घेतलं ते कशातून?

उगाच_एक
त्याची गाणी गाणारा गोरा गायक पॅट बून राहिला की राव. त्याची गुळगुळीत ‘टुटी फ्रुटी’ पॉप यादीत 12 व्या क्रमांकापर्यंत गेली, मूळ गाणं मागेच राहिलं.

काळी_दोन
पुढचंही सांगा. रिचर्डने पुढचं गाणं, ‘लाँग टॉल सॅली’, मुद्दाम इतकं फास्ट केलं की बूनची जीभ अडखळावी. तरी त्याने गायलंच! या वेळी मात्र रिचर्ड 6 वर, बून 8 वर. लुटला गेला हे खरं, पण गप्प बसून नाही.

आता मुद्द्याचं. ‘दोनच वर्षं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी 14 सप्टेंबर 1955 चा दिवस आठवावा. न्यू ऑर्लिन्समधला कोसिमो मटासाचा स्टुडिओ. सकाळपासून रंग भरत नव्हता. जेवणाच्या सुट्टीत ड्यू ड्रॉप इन या क्लबात रिचर्ड पियानोवर बसला आणि क्लबात गायचा तसलं एक चावट गाणं त्याने ठोकून दिलं. निर्माता बंप्स ब्लॅकवेलचे कान टवकारले. शब्द रेडिओवर चालण्यासारखे नव्हतेच, म्हणून डोरोथी लाबोस्ट्रीकडून ते धुऊन घेतले आणि उरलेल्या पंधरा-वीस मिनिटांत गाणं उरकलं. तीच ‘टुटी फ्रुटी’. ड्रमर अर्ल पामर पुढे सांगायचा, की रिचर्डच्या उजव्या हाताशी जुळवून घ्यायला त्याला झुलता ठेका सोडून सरळ ठेका धरावा लागला. आज कुठलाही रॉक ड्रमर वाजवतो तोच. एवढं झाल्यावर माणसाने आणखी किती वर्षं गायला हवं होतं?

पेटीवाला
बरोबर, पण त्याने माझाच मुद्दा पक्का होतो. एवढा ऐवज हातात होता आणि तो टाकून गेला.

तिरफळ
टाकून कुठे? ते भांडण त्याच्या घरातलंच. बाप चर्चचा डीकन (म्हणजे सेवेकरी पदाधिकारी), शिवाय चोरटी दारू विकणारा आणि नाइटक्लबचा मालक. 1952 मध्ये त्या क्लबबाहेरच गोळी लागून गेला. पोरगा एकदा या दारातून बाहेर पडणार, एकदा त्या. तुम्ही याला वेडेपणा म्हणताय, मला तर यात वेगळं काही दिसत नाही.

बोरिवली_फास्ट
+1. आणि 1984 मध्ये त्याने थकलेल्या पैशांसाठी दावा ठोकला, तो कोर्टाबाहेर मिटला. स्वतःच बुडवून घेतलेला माणूस दावा लावतो होय?

पेटीवाला
दावा पैशाचा होता, वर्षांचा नाही. 1962 मध्ये धार्मिक गाणी गायची म्हणून इंग्लंडला गेला आणि प्रेक्षक पेटल्यावर पुन्हा रॉककडे वळला. त्याच दौऱ्यात त्याच्या आधी वाजवणाऱ्यांत बीटल्स होते. तोवर पोरं पुढे निघून गेली होती. परत आला, म्हणजे सोडणं चुकलं हे त्यालाही पटलंच ना?

तिरफळ
1977 मध्ये त्याने पुन्हा सोडलं. मग परत येणं चुकलं, असंही म्हणणार का?