होस्टच्या हातात दिलेलं पाकीट : बक्षिसी, भेट की चिरीमिरी?

कापडबाजार, इंदूर

नमस्कार मंडळी. एका शब्दावर अडलोय. आम्हा चौघांचा गट दरवर्षी गोव्याला जातो आणि एक रात्र मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर काढतो. तिथे 'होस्ट' म्हणून एक तरुण मुलगा आमच्या दिमतीला असतो. खोली तोच लावतो, विमानतळावर गाडी तोच पाठवतो, जैन जेवण वेगळं काढायला तोच सांगतो. यंदा मध्यरात्री आमच्यातल्या एकाला दम्यानं दम लागला. त्याला लहान बोटीनं धक्क्यावर आणण्यापासून औषध आणून पाणी हातात देईपर्यंत सगळं त्या मुलानं केलं.

निघताना पाकीट द्यायचं म्हटलं तर आमच्यातच वाद. एक म्हणाला बक्षिसी द्या, दुसरा म्हणाला बक्षिसी वेटरला देतात, याला भेट म्हणा. घरी आल्यावर बायको म्हणाली, ही तर सरळ लाच. या वादात पाकीट द्यायचं राहूनच गेलं. मराठीत याला नेमकं काय म्हणतात? आणि असं द्यावं का?

रामबाग

आधी 'बक्षीस' आणि 'बक्षिसी' वेगळे करू या, कारण हल्ली वर्तमानपत्रांतसुद्धा दोन्हींची सरमिसळ असते. बक्षीस नपुंसकलिंगी, ते जिंकल्याबद्दल मिळतं : 'नातीला चित्रकलेत पहिलं बक्षीस मिळालं.' बक्षिसी स्त्रीलिंगी, ती सेवेबद्दल खूश होऊन देतात : 'वेटरला बक्षिसी दिली.' मूळ फारसी 'बख्शीदन', म्हणजे देणं, आणि माफ करणंसुद्धा. हिंदीतलं 'बख्श दो' त्याच घरातलं. देणारा वर आणि घेणारा खाली, हे या शब्दात पहिल्यापासून आहे. म्हणून शिक्षकाला, डॉक्टरला, कीर्तनकाराला आपण बक्षिसी देत नाही. कीर्तनकाराला बिदागी असते, गुरुजींना दक्षिणा.

'टीप' आता मराठीच झाला आहे, पण तो जपून वापरा. शिंप्याची टीप वेगळी, पुस्तकातली तळटीप वेगळी आणि पोलिसांना मिळते ती टीप आणखी वेगळी. 'आम्ही जुगाराच्या ठिकाणी टीप दिली' हे वाक्य इंदुरात भलतंच ऐकू येईल.

विजयनगर, हॉटेल व्यवसाय

टीप म्हणजे काय यावर थेट सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. २०१६मध्ये आयटीसीच्या प्रकरणात न्यायालयानं म्हटलं की गिऱ्हाईक देतं ती टीप हा पगार नव्हे. ती बिलातून हॉटेलकडे जमा होऊन मग नोकरांत वाटली गेली तरी हॉटेल तिथे फक्त सांभाळकर्ता, म्हणून त्यावर पगारासारखा कर कापायची जबाबदारी हॉटेलवर येत नाही. नोकराला ते उत्पन्न दाखवावं लागतं, ते वेगळ्या सदराखाली.

आमच्याकडच्या पोरांच्या तोंडी 'टीप' असतं. म्हातारे आचारी अजून 'बक्षिशी' म्हणतात, श काढून. होस्टबद्दल मला अनुभव नाही.

लोकमान्यनगरचा, सध्या पणजी

मी असल्याच एका ठिकाणी टेबलामागे उभा असतो, तेव्हा आतली बाजू सांगतो.

दादा, डीलर, म्हणजे टेबलावर खेळ चालवणारा, आणि होस्ट यांना एका शब्दात धरू नका. तुम्ही जिंकलात आणि डीलरकडे एक चिप, म्हणजे पैशाऐवजी खेळायची चकती, सरकवलीत, तर काय होतं ते पुढच्या वेळी नीट बघा. तो ती चिप उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरतो, टेबलाच्या कडेवर वाजवतो आणि बंद पेटीत टाकतो. वाजवायचं ते वरच्या कॅमेऱ्यासाठी आणि मागे उभ्या असलेल्या सुपरवायझरसाठी. टेबल सोडताना टाळी देऊन दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवायचे, बोटांत काही अडकलेलं नाही म्हणून. पेटीतले पैसे मागाहून सगळ्यांत वाटले जातात. अमेरिकेत डीलरचा मूळ पगार थोडा आणि खरी कमाई या पेटीवर. उलट ऑस्ट्रेलियात डीलरनं टीप घ्यायलाच बंदी.

होस्टपुढे ना पेटी, ना टेबल. ओळखीचा खेळणारा परत यावा, आमच्याच कॅसिनोत यावा, हे बघणं त्याचं काम. त्याचा पगार कॅसिनो देतं, आणि बऱ्याच ठिकाणी वरचा बोनस त्यानं सांभाळलेल्या माणसांच्या खेळावर ठरतो. तुमची खोली, गाडी, जेवण या गोष्टी त्याच्या मनात आल्या म्हणून मिळत नाहीत. त्याचा हिशेब आहे. समजा तुम्ही एक शून्य असलेल्या रूलेटवर, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर, दर फेरीला १,००० रुपये लावता, तासाला ४० फेऱ्या होतात आणि चार तास बसता. म्हणजे १,६०,००० रुपये फिरले. त्या चाकावर घरचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा २.७ टक्के, कारण आकड्यांचे खण ३७ आणि एका आकड्यावर जिंकलात तर लावलेले पैसे परत आणि वर ३५ पट. तेव्हा तुमच्याकडून ४,३२० रुपये येणार असं कॅसिनो धरून चालतं, त्या रात्री तुम्ही जिंकलात तरी. या आकड्यातला काही भाग खोली-जेवण म्हणून तुमच्याकडे परत येतो.

म्हणजे होस्टनं जी सेवा केली तिचे पैसे तुम्ही टेबलावर देऊन बसला आहात. अमेरिकेतल्या पुष्कळ कॅसिनोंत होस्टनं रोख घेऊ नये असाच नियम असतो, लहानशी भेट ठरावीक किमतीपर्यंत चालते. आपल्याकडे त्या-त्या ठिकाणचा नियम काय ते त्यालाच विचारा. 'तुला हे घ्यायला चालतं का रे?' एवढं विचारण्यात संकोच कसला.

जुनी इंदूर, वकिली

बक्षीस शब्दाची कायद्यातली बाजू राहिली. आपल्याकडे घर मुलीच्या नावे करतात ते बक्षीसपत्र. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात त्याच्या दोन गोष्टी पक्क्या आहेत : देणं आपखुशीचं आणि विनामोबदला हवं, आणि घेणाऱ्यानं ते स्वीकारलेलं हवं. देणाऱ्यानं हात पुढे केला तेवढ्यानं बक्षीस पुरं होत नाही. ज्याला मालकाच्या नियमामुळे स्वीकारताच येत नाही, त्याच्या खिशात आपण पाकीट कोंबलं तर ते बक्षीस कसलं?

वहिनींच्या 'लाच' या शब्दाबद्दल. लाचलुचपतीचा आपला कायदा प्रामुख्यानं लोकसेवकांसाठी आहे, होस्ट खासगी नोकर. तेव्हा कायद्याच्या अर्थानं ती लाच होणार नाही. बोलण्यातल्या अर्थानं होईल का, हे रामबागवाल्या काकांनी सांगावं.

कापडबाजार, इंदूर

पण लाच काम होण्याआधी देतात ना? आम्ही तर सगळं झाल्यावर, निघताना देत होतो. मग ती बक्षिसीच नाही का?

रामबाग

तुमचा प्रश्न फार नेमका आहे, आणि माझ्या मते सगळी चर्चा इथेच ठरते.

आधी दिलं ती लाच आणि नंतर दिलं ती बक्षिसी, ही विभागणी एकदाच भेटणाऱ्या माणसाला लागू पडते. हमालानं सामान गाडीत ठेवलं, गाडी सुटता सुटता तुम्ही त्याच्या हातावर पैसे ठेवले. पुन्हा त्याची गाठ पडायची नाही. ती निखळ बक्षिसी. होस्ट मात्र पुढच्या वर्षी पुन्हा भेटणार आहे. आज निघताना दिलेलं पाकीट हे पुढच्या फेरीच्या आधी दिलेलं पाकीटसुद्धा आहे. बरी खोली, मोठी गाडी, हिशेबात बसतं त्याहून थोडं जास्त, हे तुमच्या मनात असो वा नसो, त्याच्या मनावर ते ओझं येतं. आणि तो जे जास्तीचं देईल ते त्याचं नसेल, मालकाचं असेल. मालकाची वस्तू मिळावी म्हणून नोकराला खूश करायचं, याला मराठीत चिरीमिरी म्हणतात. लाचेपेक्षा रक्कम लहान, पण जात तीच. वहिनींचा कान बरोबर आहे.

पणजीच्या मुलानं पेटीचं सांगितलं त्यावरून मला तमाशातली दौलतजादा आठवली. तिथेही पैसे देणाऱ्याचं नाव पुकारून, भर बैठकीत, सगळ्यांदेखत देतात. चारचौघांत दिलं जातं म्हणून त्यात लपवाछपवी येत नाही. डीलरला दिलेली चिप याच घरातली. तिला बक्षिसी म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

होस्टला त्याच्या मालकाकडून मिळतं त्याला आपल्या बाजारात जुना शब्द आहे : दस्तुरी. गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल दुकानदार देतो ती. आणि कॅसिनोच्या वाट्यासाठी कोणी 'नाल' सुचवेल, कारण आपल्याकडे जुगाराच्या बातम्यांत नाल हाच शब्द येतो. तो इथे नेमका बसत नाही. नाल म्हणजे अड्डा चालवणारा खेळणाऱ्यांच्या पैशातून उघड काढून घेतो तो वाटा. खेळ खेळणाऱ्यांचा आपसात असतो, त्याचा नव्हे. रूलेटवर घर स्वतःच समोर खेळायला बसलेलं असतं आणि त्याचा वाटा देण्याच्या भावातच मुरलेला असतो. त्याला 'घरचा वाटा' हेच सोपं नाव ठीक.

'होस्ट'ला यजमान म्हणू नका एवढी विनंती. यजमान पदरचं खर्च करतो. हा सरबराई करणारा. सरबराई हा फार चांगला शब्द आपण अडगळीत टाकला आहे : पाहुण्याची राहण्या-जेवण्याची, गाडी-घोड्याची तजवीज, दुसऱ्या कुणाच्या वतीनं. या मुलाचं काम अक्षरशः तेच.

आता दम्याच्या रात्रीचं. ती सरबराई नव्हे, ते माणूसपण. त्याची किंमत पाकिटात घालू नका, आणि तसंच सोडूनही देऊ नका. त्याच्या वरिष्ठाला पत्र लिहा : तारीख, वेळ, त्यानं काय काय केलं, त्याच्या नावासकट. नोकरीत ते कागदावर राहतं. सोबत इंदूरची लौंग शेव आणि मिठाई पाठवा, कार्यालयाच्या पत्त्यावर, चौघांच्या नावानं. ती भेट. उघड पाठवलेली, सगळ्यांनी मिळून खायची.

बडोदे, दांडिया बाजार

उशिरा येतेय. सणाच्या पैशांचा शब्द कुणी आणला नाही म्हणून लिहिते. घरकाम करणाऱ्या मावशींना, पोस्टमनला दिवाळीत देतात ती मराठीत पोस्त. बडोद्याच्या मराठी घरांत मात्र 'दिवाळीची बोणी' ऐकू येते, गुजरातीवरून. तुमच्याकडे बोहनी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, आमच्याकडे तोच शब्द सणाच्या देण्यालाही. सणाचं देणं कुठल्या एका कामाबद्दल नसतं, वर्षभराच्या संबंधाचं असतं, त्यामुळे त्यात आधी-नंतर हा प्रश्नच येत नाही. होस्टला दिवाळीची मिठाई पाठवलीत तर ती बोणी होईल का, यावर मी अडखळते. मला वाटतं नाही. पोस्त आपल्या घरी काम करणाऱ्याला देतात, तो मुलगा तुमच्या घरचा नाही, कॅसिनोचा आहे. भेटच म्हणा.

लोकमान्यनगरचा, सध्या पणजी

ताईंचं बरोबर. आणि काकांच्या पत्राला माझा दुजोरा. आमच्याकडे अशी पत्रं येतात तेव्हा ती वाचून दाखवतात, बढतीच्या वेळी निघतात. मात्र पत्रात फुकट खोलीचा, जास्तीच्या सोयीचा उल्लेख नको. 'आमची फार काळजी घेतो, नेहमी जास्त देतो' असं प्रेमानं लिहिलंत तर बिचाऱ्याची चौकशी लागेल. दम्याच्या रात्रीचं तेवढं लिहा. रोख कुणाला द्यायचीच असेल तर त्या रात्री बोट चालवणाऱ्याला आणि डेकवरच्या पोऱ्याला द्या. कुणी दिलं हे त्यांच्या लक्षात राहत नाही, तेव्हा पुढच्या फेरीचं ओझं नाही.

कापडबाजार, इंदूर

आभार सगळ्यांचे. बायकोला चर्चा वाचून दाखवली. पत्राचा मसुदा तीच करते आहे. बोटवाल्याचं नाव कुणालाच माहीत नाही, ते त्या मुलाला फोन करून विचारतो आणि बोटवाल्यासाठी बक्षिसी पाठवतो. शेव-मिठाई शनिवारी सराफ्यातून घेऊ. काका, मसुद्यात 'सरबराई' घातलाय.